साहेबाचं चर्च, पण घाम कुणाचा?



सुट्ट्या लागल्या की आपल्या गोतावळ्यातलं कुणी ना कुणी अंदमानला जाऊन येतं. फोटो ठरलेले. आधी सेल्युलर जेल, मग समोरच्या रॉस बेटावरचं, झाडाच्या मुळांनी वेढलेलं पडकं चर्च. परवा एका पुतण्याला विचारलं, "अरे, या चर्चची ही दशा का झाली?" तो म्हणाला, "काका, साहेबाचं चर्च ते! पडलं तर आपलं काय गेलं?"

आपलं काय गेलं ते सांगतो.

१८५७ च्या उठावानंतर, मार्च १८५८ मध्ये पहिले दोनशे कैदी अंदमानात उतरवले गेले. रॉस बेटावरचं जंगल तोडलं ते कैद्यांनी. तिथली ब्रिटिश वसाहत उभी राहिली तीही त्यांच्याच श्रमावर. एकोणिसाव्या शतकातलं हे प्रेस्बिटेरियन चर्च त्याच वसाहतीतलं. प्रार्थना साहेबाची असेल, पण पाठीवरचा भार आपल्या माणसांचा होता. कित्येकांची नावंही आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांच्या हातची खूण म्हणजे या भिंती.

१९४१ चा भूकंप, १९४२ मध्ये आलेले जपानी, मग ओस पडलेलं बेट. इथवर नशिबाला बोल लावता येईल. त्यापुढे नाही. १९७९ पासून बेट आपल्या नौदलाकडे आहे, २०१८ मध्ये त्याला नेताजींचं नावही दिलं. नाव बदलायला एक दिवस पुरतो, भिंत राखायला दरवर्षी माणूस लावावा लागतो. आपल्या वाड्यांच्या भिंतीत पिंपळ उगवतो, तसंच हे. रोप बोटभर असताना हातानं उपटता येतं. वाढू दिलं की मूळ दगडांचे सांधे फोडतं, आणि पुढे तेच मूळ भिंतीला धरून ठेवतं. मग तोडायचीही सोय राहत नाही.

"जेल तर जपलं ना?" असं कुणी म्हणेल. सेल्युलर जेलच्या सात इमारतींपैकी आज तीनच उभ्या आहेत. काही तर स्वातंत्र्यानंतर आपणच पाडल्या आणि त्या जागेत इस्पितळ बांधलं. तिथे शिक्षा भोगलेल्या क्रांतिकारकांनी आवाज उठवला, म्हणून सावरकरांची कोठडी आज आपल्याला पाहता येते. १९७९ मध्ये जेल राष्ट्रीय स्मारक झालं. १८५८ च्या कैद्यांसाठी आवाज उठवायला मात्र कुणी उरलेलं नव्हतं.

छप्पर पुन्हा घाला, असं मी म्हणत नाही. उरलेल्या भिंतींना आधार द्या, नवी रोपं वेळेवर काढा, आणि खिडक्यांच्या रंगीत काचांचं कौतुक सांगताना दगड वाहणाऱ्यांचीही गोष्ट सांगा.

तेव्हा पोरांनो, फोटो खुशाल काढा. पण गाइडला एवढं विचाराच: "हे बांधलं कुणी?" दहा जणांनी विचारलं, तर अकराव्याला तो आपणहून सांगेल.