लाली मूळचा कुठला?

गेल्या अंकातील पत्रात भारतातला फ्रेंच सेनापती काउंट लाली याचे आडनाव दोफिने प्रांतातल्या लाले गावावरून आल्याचे ठासून सांगितले आहे. असे गाव आहे, आणि १७०२ मध्ये लालीचा जन्मही त्याच प्रांतात, रोमाँ येथे झाला. पण नावाशी नाव जुळले म्हणजे मूळ सापडले, असे होत नाही.

लालीचे वडील जेरार्ड आयरिश. इंग्लंडचा राजा दुसरा जेम्स याचा पक्ष हरल्यावर जे कॅथलिक सैनिक फ्रान्सच्या चाकरीत गेले, त्यांपैकी ते एक. डिलन पलटणीतले अधिकारी. मुलगा स्वतःला ‘तोलांदालचा बॅरन’ म्हणवून घेई. हे तोलांदाल फ्रान्सच्या नकाशात शोधण्यात अर्थ नाही. ते आयर्लंडच्या गॉलवे परगण्यातले, ट्यूमजवळचे टुलीनाडाली. तिथली वतनवाडी गेली, नाव तेवढे पदवीला चिकटून राहिले. ‘लाली’ हेही तिकडच्या ‘ओ’मुलाली’चेच आखूड रूप.

अर्थात फ्रान्समधला प्रत्येक लाली आयरिश, असा माझा दावा नाही. एखाद्या घराण्याचे मूळ काढायचे तर चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी पिढी-दर-पिढी मागे चाळाव्या लागतात. हे आयरिश सैनिक फ्रान्समध्ये येण्याच्या, म्हणजे १६९० च्या सुमाराच्या, बऱ्याच आधीपासून त्याच गावात हे आडनाव नांदत असेल, तर आयर्लंडचा नाद बहुधा सोडावा. काउंटच्या बाबतीत मात्र बापाची पलटण आणि मुलाची पदवी एकाच दिशेला बोट दाखवतात.

जाता जाता: १७६० मध्ये वांदिवॉशला लालीचा पराभव करणारा इंग्रजांचा सेनापती आयर कूट, तोही आयरिशच, लिमरिक परगण्यातला!

– एक वाचक, पुणे