आभाराचे पत्र केव्हा टाकावे?



आपल्या शाळेत पहिलीला नाव घालताना कुणाचीच मुलाखत झाली नाही. आजोबांच्या वेळी गुरुजी मुलाला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावत. हात पुरला की नाव पटावर! आता तेही नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १३ प्रमाणे शाळेत घेताना मुलाला किंवा आईबापांना पारखून घेता येत नाही. तेव्हा अशा प्रवेशासाठी कुणाला आभारपत्र धाडायचे कारणच नाही. तो आपला हक्क आहे.

डेहराडूनच्या राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेजची गोष्ट मात्र निराळी. १९२२ साली निघालेल्या या संस्थेत आठवीत प्रवेश मिळतो. लेखी परीक्षेत गणिताला २००, इंग्रजीला १२५ आणि सामान्य ज्ञानाला ७५ गुण. तीत उतरलो तरच मुलाखत. तिला ५० गुण. २०२२ पासून तिथे मुलींनाही घेतात, म्हणून मी हे सगळे नीट विचारून ठेवले आहे.

माझा चुलतभाऊ, म्हणजे आमचा दादा, मुलाखतीपर्यंत पोचला होता. घरी आला त्याच रात्री काका म्हणाले, "साहेबांना आभाराचं पत्र टाक. नाव ध्यानात राहील त्यांच्या." काकू म्हणाली, "पत्र कशाला, घरचं तूप पाठवू की!" सगळे हसले, पण काकू खरेच बोलत होती.

मला हे पटले नाही. निकाल लागायच्या आधी धाडलेले पत्र आभाराचे कसले? तो अर्जच झाला. "कृपादृष्टी असावी" असे त्यात लिहिले नाही तरी वाचणाऱ्याला ते दिसतेच. आणि तूप म्हणजे तर उघड वशिला. गुरुजींना विचारले तर ते एवढेच म्हणाले, "निकाल लागू दे." दादाने पत्र लिहून वहीत ठेवून दिले.

निकाल लागला. यादीत दादाचे नाव नव्हते.

आठ दिवस तो कुणाशी धड बोलला नाही. वहीतले पत्र काढून काका म्हणाले, "आता कशाला पाकिटाचा खर्च?" तेव्हा मी मोठ्यांच्या मध्ये बोलले, त्याबद्दल आईची बोलणीही खाल्ली. पण मी म्हटले, आता मागायचे काही उरले नाही, तर आताच पाठवा की! साहेबांनी दादाला बसायला सांगितले, पाणी दिले, तो अडखळला तेव्हा "सावकाश बोल" म्हणाले. नापास झाला म्हणून ते खोटे झाले का?

दादाने जुने पत्र फाडले. ते मार्गदर्शकातून उतरवलेले होते, त्यातले निम्मे शब्द त्याला स्वतःलाच कळत नव्हते. नवे चार ओळींचे लिहिले, साध्या इंग्रजीत, कारण साहेबांना मराठी येईलच असे नाही. गुण किती पडले, का पडले, पुढे संधी मिळेल का, यातले काही विचारले नाही. साहेबांचे नाव ठाऊक नव्हते, म्हणून "मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्यांस" असे लिहून कॉलेजच्या पत्त्यावर टाकले.

दुसरे पत्र आपल्या गुरुजींना. माझ्या मते हेच आधी लिहायला हवे होते. वर्षभर सकाळी सहाला शाळेच्या ओट्यावर त्यांनी दादाचे इंग्रजी करून घेतले, एक पैसा घेतला नाही. हे पत्र मात्र मराठीत. समोरासमोर द्यायला दादा लाजला, म्हणून मीच नेऊन दिले. गुरुजींनी ते उभ्या उभ्या वाचले, घडी घालून खिशात ठेवले आणि मला पाढे म्हणायला लावले.

डेहराडूनहून उत्तर आलेले नाही. दादा म्हणतो, येणारही नाही, आणि आले पाहिजे असेही नाही. मी आपली पोस्टमनकाका दिसले की विचारते.

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी