घराचा पत्ता सर्वांत शेवटी विसरतो

सायखेड्याच्या उपबाजारात कांद्याचा लिलाव सुरू असताना शेतकऱ्याचे कान बोलीवर असतात. एक आकडा ऐकू येतो, त्यावर दुसरा चढतो, तोवर पहिला मनातून गेलेला असतो. शेवटचा आकडा सौदापट्टीवर उतरला की तोही डोक्यात धरून ठेवायची गरज उरत नाही. शास्त्र जिला अल्पकालीन स्मृती म्हणते, ती एवढीच असते. तिचे आयुष्य काही सेकंदांचे, घोकत राहिले तर थोडे अधिक. आणि एका वेळी चार ते सात गोष्टींच्या वर तिच्यात काही मावत नाही.

बोलण्यात मात्र या शब्दाचा घोळ होतो. ‘आजोबांना सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, त्यांची शॉर्ट टर्म मेमरी गेली,’ असे घरोघरी म्हटले जाते. दोन तासांपूर्वीची न्याहारी ही अल्पकालीन स्मृती नव्हेच. ती ताजी असली तरी दीर्घकालीन स्मृतीत जमा व्हायला हवी होती. याच आजोबांना पाच-सहा आकडे सांगा, ते लगेच म्हणून दाखवतील. म्हणजे ऐकलेले क्षणभर धरता येते, जुने साठवलेलेही जागेवर असते. मोडलेली असते ती मधली वाट.

ही वाट मेंदूतील हिप्पोकॅम्पस नावाच्या भागातून जाते. दोन्ही कानांच्या आतल्या अंगाला, खोलवर त्याची एकेक जोडी-बाजू आहे. त्याचे काम कळले ते एका दुर्दैवी शस्त्रक्रियेमुळे. अमेरिकेत १९५३ मध्ये हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या तरुणाच्या फिट्स थांबाव्यात म्हणून दोन्ही बाजूंचा हा भाग बराचसा काढला गेला. फिट्स कमी झाल्या, बालपणही आठवत राहिले, पण नवे काही साठेना. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांचा अनेक वर्षे अभ्यास केला. मोलेसन यांच्यासाठी त्या प्रत्येक भेटीत नव्याच असत. २००८ मध्ये मृत्यू होईपर्यंत ही स्थिती टिकली.

अल्झायमरची झीज बहुधा याच भागात आधी सुरू होते. वर्षानुवर्षे उजळणी झालेल्या जुन्या आठवणी मेंदूच्या पृष्ठभागावर पसरून मुरलेल्या असतात, त्या बऱ्याच काळ तग धरतात. म्हणून गोदाकाठच्या म्हाताऱ्या माणसाला १९६९चा पूर कुठवर चढला होता हे सांगता येते, आणि काल मुक्कामी येऊन गेलेला जावई आठवत नाही. घरचे निर्धास्त होतात, ‘एवढं जुनं आठवतंय, म्हणजे डोकं शाबूत आहे.’ घात होतो तो इथे. साखरेची गोळी घेतल्याचे विसरून ती पुन्हा घेतली जाते आणि साखर धोकादायक खाली येते.

गंमत म्हणजे, सरकारी पाहणीही त्याच समजुतीवर चालते. आशाताई घरोघरी जो ‘सीबॅक’ फॉर्म भरतात, त्यात साठीच्या पुढच्यांसाठी विस्मरणाचा प्रश्न आहे, ही चांगलीच गोष्ट. पण प्रश्न असा आहे: जवळच्या माणसांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? हे तर मुरलेले ज्ञान. ते जायला लागेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो. शिवाय ‘विसरता का’ हे विसरणाऱ्यालाच विचारून काय कळणार? विचारायचे सुनेला किंवा मुलाला: तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात का? गेल्या आठवड्यातले लग्न, पाहुणा, व्यवहार आठवतो का? आठवण करून दिल्यावर तरी खूण पटते का? नाव पटकन न सुचणे आणि तासाभराने आठवणे हे वयाचे आहे. सांगूनही ‘असे झालेच नाही’ असे वाटणे वयाचे नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार देशात साठीच्या पुढच्या शंभरांपैकी सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश आहे. फॉर्मवरचा एक प्रश्न बदलायला यंत्रही लागत नाही आणि औषधही.

लवकर तपासण्यात आणखी एक लाभ आहे. विसरणाऱ्या प्रत्येकाला अल्झायमर नसतो. बी-१२ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, झोपेच्या गोळ्या, दारू, यांनीही स्मरण ढासळते आणि वेळेत उपचार झाले तर पुष्कळदा सुधारते. ऐकू कमी येत असेल तर गोष्ट डोक्यात शिरलेलीच नसते. तिथे कानाचे यंत्रच उपयोगी पडते. अल्झायमर बरा करणारे औषध नाही, मात्र निदान झाले की गोळ्यांची डबी, पैशांचे व्यवहार आणि गॅसची शेगडी कुणी सांभाळायची हे घराला वेळेत ठरवता येते.

विस्मरण महिन्या-वर्षांत हळूहळू वाढत असेल तर सवडीने दाखवले तरी चालेल. पण परवापर्यंत नीट असलेले माणूस एक-दोन दिवसांत गोंधळले, असंबद्ध बोलू लागले, दिवसा गुंगीत आणि रात्री जागे राहू लागले, तर तो वेगळा प्रकार आहे. लघवीतला किंवा छातीतला जंतुसंसर्ग, सोडियम कमी होणे, साखर उतरणे, पक्षाघात, डोक्याला मार लागून आत रक्त साचणे, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. अशा वेळी सकाळची वाट न पाहता त्याच रात्री दवाखाना गाठावा, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी सोबत न्यावी.