आधी गरज, मग संशोधन

2019 साली पूर्ण रूपात आलेला 'ऑक्सिजन नॉट इन्क्लुडेड' हा गेम तुमच्यापैकी कुणी खेळतं का? त्यात लघुग्रहाच्या पोटात वसाहत उभारायची असते. तिथे संशोधन फुकट होत नाही. पहिल्या संशोधन केंद्राला माती लागते, पुढच्या सुपर कॉम्प्युटरला पाणी. तीच माती पिकाला हवी आणि त्याच पाण्यापासून पुढे ऑक्सिजन बनवायचा! नवखा खेळाडू दिसेल ते शोधत सुटतो आणि वसाहत गुदमरते.

माझं मत असं, की आज कशाची टंचाई आहे ते आधी बघा, मग त्याचंच संशोधन हाती घ्या. अभ्यासाचंही तसंच आहे. आपला वेळ म्हणजेच आपली माती आणि पाणी. सगळं एकदम वाचायला घेऊ नका. जिथे अडतं, तिथूनच सुरुवात करा.