बालकांची कला आणि सरकारी पंधरवडे

केंद्र सरकारच्या कोणत्याही कार्यालयाचे वर्ष पाहावे. सप्टेंबरात हिंदी पंधरवडा, ऑक्टोबरअखेरीस सरदार पटेलांच्या जयंतीच्या सुमारास दक्षता जागरूकता सप्ताह, डिसेंबरच्या 14 तारखेला ऊर्जा संवर्धन दिन, आणि मंत्रालयागणिक ठरलेला स्वच्छता पंधरवडा. यांपैकी बहुतेक प्रसंगी कर्मचाऱ्यांच्या मुलांची किंवा जवळच्या शाळेची चित्रकला स्पर्धा होते आणि अहवालात तिची नोंद ‘बालकांसाठी सर्जनशील कला कार्यशाळा’ अशी केली जाते. या शब्दप्रयोगाला माझा स्पष्ट आक्षेप आहे.

अशा स्पर्धांच्या परीक्षक मंडळावर बसण्याचा योग मला अनेक शहरांत आला. दोन तळहातांवर तोललेली पृथ्वी, डोळ्यांतून अश्रू ढाळणारी पृथ्वी, अर्धे हिरवे आणि अर्धे वाळलेले झाड. दक्षता सप्ताह असेल तर टेबलाखालून नोटा घेणारा हात. गुवाहाटी असो वा कोची, चित्रे तीच. मुलांची कल्पनाशक्ती सर्वत्र एकसारखी आटली, असा याचा अर्थ नाही. बक्षीस कोणत्या चित्राला मिळते हे शिकवणीच्या मास्तरांना ठाऊक असते. ते एक चित्र घोटून घेतात आणि मूल प्रसंगानुसार खालची घोषणा तेवढी बदलते. आपण मुलांकडून सरकारी जाहिरात फुकटात काढून घेतो व वर प्रशस्तिपत्र देतो, असे कोणी म्हटले तर मजपाशी उत्तर नाही.

कार्यशाळेत मुलाला सामान वाया घालवण्याची मुभा असते. माती थापावी, मोडावी, पुन्हा थापावी. निळ्यात पिवळा मिसळून हिरवा होतो हे स्वतः शोधावे. आणि शेवटी काही ‘तयार’ झाले नाही तरी कोणी विचारू नये. दोन तासांत, दिलेल्या विषयावर, क्रमांकासाठी काढलेल्या चित्रात यातले काय शिल्लक राहते?

प्रशासनाला तरीही स्पर्धाच का आवडते, याचे कारण अर्थशास्त्रीय आहे. एका सभागृहात पाचशे मुले बसवली की दरडोई खर्च नगण्य होतो. खऱ्या कार्यशाळेत एका शिक्षकाला पंधरा-वीस मुलांपलीकडे लक्ष देता येत नाही. बॉमोल आणि बोवेन यांनी 1966 साली प्रयोगकलांविषयी जे दाखवून दिले तेच इथे लागू पडते: ज्या कामात माणसाचा वेळ हाच माल असतो, तिथे उत्पादकता वाढवून खर्च उतरवता येत नाही. मग आपण शिक्षक वगळतो आणि सभागृह ठेवतो. फलक, मंडप, पाहुण्यांचे पुष्पगुच्छ, अल्पोपाहार यांची बिले विनातक्रार मंजूर होतात. कलाशिक्षकाच्या मानधनावर मात्र ‘आवश्यकता स्पष्ट करावी’ असा शेरा येतो. मातीची तर गंमतच. पन्नास किलो शाडू खरेदी केली, ती गेली कुठे, याचे समाधानकारक उत्तर साठा नोंदवहीत लिहिता येत नाही. त्यात वर्षअखेरीची घाई. शेवटच्या महिन्यांत खर्चाची गर्दी करणे हा वित्तीय औचित्याचा भंग आहे, असे सामान्य वित्तीय नियमच सांगतात. तरी निधी उरला की मार्चमध्ये, ऐन परीक्षांच्या दिवसांत, ‘कला महोत्सव’ उगवतो.

धोरणाची उणीव म्हणावी तर तीही नाही. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने दहावीपर्यंत कलाशिक्षण अनिवार्य करावे असे सुचवले होते. 2019 मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आठवड्याला किमान दोन तासिका बंधनकारक केल्या. आणि नमुना तर त्याहून जुना आहे. दिल्लीत 1956 साली नेहरूंच्या पुढाकाराने बालभवन उभे राहिले, ते 5 ते 16 वर्षांच्या मुलांना शाळेबाहेर, परीक्षेविना माती, रंग, विणकाम, संगीत हाताळता यावे म्हणून. मुलांनी वारंवार यावे, ही त्यामागची मूळ कल्पना. आपण तिच्यातून ‘बाल’ तेवढे उचलले.

कुटुंबाविषयी थोडे. स्पर्धेच्या दिवशी आईवडील दाराबाहेर उभे असतात, खिडकीतून ‘पिवळा भर, पिवळा’ अशा खुणा करीत. परप्रांतात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना याहून चांगली रीत ठाऊक आहे. दिवाळीत सरकारी वसाहतीच्या अंगणात किल्ला होतो तेव्हा विटा आणणारा शेजारचा पंजाबी मुलगा असतो, पोत्यावर चिखल लिंपणारी तमिळ मुलगी असते, आजोबा बुरुजाची जागा दाखवतात, कोणी अळीव पेरते. निधी नाही, विषय नाही, प्रमुख पाहुणे नाहीत. तेलंगणात बतुकम्मासाठी घरोघरी फुले रचतात तेव्हाही हेच घडते. मात्र जिथे किल्ल्याची स्पर्धा सुरू झाली, तिथे वडीलच किल्ला बांधू लागले आणि मूल बाजूला उभे राहून मावळे देऊ लागले. आपल्या मंडळांनी याचा विचार करावा.

माझे काही सहकारी म्हणतात की स्पर्धेमुळे निदान लक्षावधी मुलांच्या हाती रंग तरी येतात. ज्या घरात रंगपेटीच नाही तिथे एक दिवस रंग पोहोचणे हेही मोलाचे आहे, हे मी नाकारीत नाही. पण त्या मुलाच्या हाती दुसऱ्या दिवशी काय असते? आणि बक्षिसे कोणाच्या घरी जातात? शिकवणी लावू शकणाऱ्यांच्या.

म्हणून मागणी साधी आहे. वर्षभरातील चार स्पर्धांपैकी तीन बंद कराव्यात. त्यांच्या खर्चातून वसाहतीच्या सामुदायिक केंद्रातील एक खोली, आठवड्यातून दोन संध्याकाळी, वीस मुले आणि मासिक मानधनावरील एक कलाशिक्षक. पालकांनी बाहेर न थांबता आत बसून हात मळवावेत. अहवालात उपस्थितांचा आकडा नको. पहिल्या महिन्यात आलेल्या मुलांपैकी चौथ्या महिन्यात किती मुले येत आहेत, एवढाच द्यावा. पुढील वर्षाचे अंदाज कार्यालयांकडून पावसाळा सरताच मागवले जातात. त्यांत शाडूसाठी ‘वापरून संपणारे साहित्य’ असे एक स्वतंत्र उपशीर्ष घालून घ्यावे, म्हणजे लेखापरीक्षकांचाही प्रश्न मिटेल.