वाळूवरचे बिऱ्हाड

गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या पांढरपेशा कुटुंबांत सुटी घालविण्याची एक नवी तऱ्हा रूढ झाली आहे. तिला ‘कॅम्पिंग’ असे म्हणतात. शनिवारी पहाटे मुंबईहून किंवा पुण्याहून मोटार काढावयाची, नागाव, काशीद, दिवेआगर यांपैकी एखादा किनारा गाठावयाचा, कोणा व्यावसायिकाने ओळीने मांडून ठेवलेल्या निळ्यापिवळ्या तंबूंपैकी आपल्या क्रमांकाच्या तंबूत पिशव्या टाकावयाच्या, सायंकाळी दुसऱ्याने पेटविलेल्या शेकोटीभोवती बसून दुसऱ्याने भाजलेले पदार्थ खावयाचे, ध्वनिवर्धकावरची गाणी रात्री उशिरापर्यंत ऐकावयाची, आणि रविवारी न्याहारी उरकून परत फिरावयाचे. तंबूत गादी असते, उशी असते, दिवा असतो, मोबाइल भारून घेण्याची सोयही असते. सोमवारी कचेरीत सांगावयाचे, की यंदा मुलांना निसर्गाच्या सान्निध्यात नेऊन आणले.

आमचे म्हणणे असे, की हे कापडी भिंतींचे हॉटेल होय. हॉटेलात उतरण्यात कसलेच पाप नाही. थकल्या माणसाने खुशाल उतरावे. पण हॉटेलचे भाडे भरून रानात राहिल्याचे पुण्य पदरात पाडून घेऊ नये.

याच्या उलट बाजूसही एक पक्ष आहे. या पक्षातील सद्गृहस्थ किनाऱ्यावरचा धुडगूस पाहून (आणि तो धुडगूस खरोखरीच आहे) सरसकट मागणी करतात, की समुद्रकाठी तंबू म्हणून दिसता कामा नये. यांचा राग आम्हांस समजतो, पण त्यांचा निशाणा चुकला आहे. समुद्रकाठी माणसाने उभारण्याजोग्या वस्तूंत तंबू ही सर्वांत निरुपद्रवी वस्तू आहे. सकाळी खुंट्या उपटल्या की मागे चार भोकांपलीकडे काही उरत नाही. उपद्रव आहे तो काँक्रीटचा, मोटारीचा, दिव्यांच्या झगझगाटाचा आणि कर्ण्याचा. तंबू बिचारा त्यांच्या संगतीत सापडला म्हणून बदनाम झाला. तेव्हा आम्ही हा लेख तंबूच्या बाजूने, आणि तंबूच्या नावावर चाललेल्या व्यापाराच्या विरुद्ध लिहीत आहो.

कॅम्पिंग हा शब्द विलायतेतून आला, म्हणून तेथील गोष्ट आधी पाहू. करमणुकीखातर तंबूत राहण्याचा छंद इंग्लंडात ज्याने लावला, तो टॉमस हायरम होल्डिंग हा पेशाने शिंपी होता. सायकलवर बांधून नेता येईल असा हलका तंबू त्याने स्वतः बेतला, तो घेऊन आयर्लंडात भटकला, १९०१ साली सायकलवाल्या तंबूकऱ्यांची संघटना स्थापली आणि १९०८ साली या विषयावर एक जाडजूड मार्गदर्शक ग्रंथ लिहिला. बेडन-पॉवेलने १९०७ च्या ऑगस्टात बालवीरांचे पहिले प्रायोगिक शिबिर भरविले, तेही डॉर्सेटच्या किनाऱ्यालगतच्या ब्राउनसी बेटावर. या दोघांच्या मनात एकच गोष्ट होती: रात्रीचा निवारा ज्याचा त्याने उभारावयाचा. ती गोष्ट काढून घेतली, तर उरते ते केवळ कापड.

पण विलायतेपर्यंत जाण्याचे तरी कारण काय? राहुटी, पाल, डेरा, कनात हे शब्द आपण इंग्रजांकडून घेतलेले नाहीत. आषाढीच्या वाटेवर आजही दिंड्या रोज संध्याकाळी नव्या माळावर राहुट्या ठोकतात आणि पहाटे मोडतात. कोणी दोर ताणतो, कोणी चूल मांडते, कोणी टँकरवर पाणी भरावयास धावते, आणि तासाभरात ओसाड माळावर गाव वसते. ज्या समाजातील शेतकरी कुटुंबे हे पिढ्यान्‌पिढ्या करीत आली, त्यातीलच शिकलेल्या कुटुंबाला दोन काठ्या आणि चार दोर यांची धास्ती वाटावी, आणि त्यासाठी माणशी हजारांनी रुपये मोजावे लागावेत, हे नवल नव्हे काय?

कोणी म्हणेल, खुंटी कोणी ठोकली यावरून एवढे रणकंदन कशाला? खुंटी आपण ठोकली, की ती कोठे ठोकावी हा प्रश्न आपल्याला पडतो. समुद्रकाठी हा प्रश्न क्षुल्लक नाही. पाणी कोठवर येईल, वारा कोणत्या अंगाने सुटेल, पायाखाली वाळू आहे की वेल आहे, गावाची वाट कोणती, हे सारे विचारल्यावाचून खुंटी ठोकता येत नाही. तयार तंबूत पाऊल टाकणाऱ्या कुटुंबाला यांपैकी एकही प्रश्न पडत नाही. आणि ज्याला प्रश्न पडला नाही, तो दुसऱ्या दिवशी त्याच अज्ञानासह लेकरांचा हात धरून पाण्यात उतरतो.

भरती-ओहोटीचेच घ्या. आपल्या बहुतेक घरांत भिंतीवर पंचांगाची दिनदर्शिका टांगलेली असते. तीत संकष्टी पाहतात, एकादशी पाहतात, गॅसच्या टाकीची तारीखही तीतच टिपतात. पण त्याच तिथीवरून समुद्राचे घड्याळ वाचता येते, हे किती घरांत ठाऊक आहे? कोकणातल्या म्हाताऱ्यांचा हिशेब साधा आहे. तिथीला तिनाने गुणावे, चाराने भागावे. येईल त्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला बारा भागिले चार, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. दुपारी तीनला भरती, तशी पहाटेही तीनच्या सुमारास. मध्ये सहा तासांनी ओहोटी. हिशेब ढोबळ आहे, अर्धापाऊण तास इकडेतिकडे होतो, आणि अधिकृत तक्ते आता कोणालाही पाहावयास मिळतात. परंतु ज्याला हा ढोबळ हिशेब येतो त्याला एवढे नक्की कळते, की चतुर्थीच्या रात्री नऊ वाजता दूर गेलेला समुद्र पाहून जो पुढे सरकून पथारी पसरील, त्याच्या पायाशी पहाटे तीनला पाणी येईल. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण असते, अष्टमीच्या सुमारास भांग. मुंबईला मोठ्या उधाणात पाणी साडेचार मीटरांच्या वर चढते. दक्षिणेस मालवणाकडे हा चढउतार पुष्कळ कमी. सपाट पुळणीवर एक मीटर उंचीचा फरक म्हणजे पाण्याची रेघ कितीतरी पावले मागे-पुढे. दहा वर्षांच्या मुलाला हे गणित तोंडी करता येते. आमच्या शाळांनी ते कधी घातले नाही, आणि सहल नेणाऱ्या वडीलधाऱ्यांनीही नाही.

आणि अज्ञानाची किंमत काय पडते? १ फेब्रुवारी २०१६ रोजी जंजिऱ्याजवळच्या मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले डझनाहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. ती शिकली-सवरलेली मुले होती. त्यानंतरही दर वर्षी कोणत्या ना कोणत्या किनाऱ्यावरून अशी वार्ता येतेच. लाटांनी किनाऱ्यावर लोटलेले पाणी कोठून तरी परत जावयास हवे. ते कित्येकदा एखाद्या अरुंद पन्हळीतून वेगाने आत ओढले जाते. त्या जागी लाट फुटत नाही, म्हणून नवख्याला तीच जागा शांत वाटते, आणि पोहावयास तो नेमकी तीच निवडतो. त्या ओढीत सापडलेला माणूस किनाऱ्याकडे तोंड करून झगडतो आणि थकून बुडतो. किनाऱ्याला समांतर आडवे पोहत गेले, तर ओढीतून सुटण्याची आशा असते. ही माहिती गुप्त नाही. गावच्या कोळ्याला विचारले तर तो बोटाने जागा दाखवील. पण कोळ्याला विचारावयास आपण गावात उतरलेले असावे लागते. कापडी हॉटेलातील पाहुण्याची गाठ फार तर शीतपेय आणून देणाऱ्या पोराशी पडते.

आता जमिनीकडे वळू. पुळणीच्या वरच्या अंगाला जांभळट फुलांची एक वेल पसरलेली असते. तिला कोकणात मर्यादवेल म्हणतात. नाव ठेवणाराने काय नेमके नाव ठेवले आहे! तिच्या मुळ्याच उडती वाळू धरून ठेवतात, तिच्या आधाराने वाळूचे बांध उभे राहतात, आणि त्या बांधांच्या आडोशाला नारळी-पोफळीच्या वाड्या जगतात. ओळीत शंभर तंबू मांडावयाचे तर प्रथम ही वेल खरवडून जागा सपाट केली जाते. मग मोटारी थेट पुळणीवर उतरतात. भरतीच्या पाण्यात चाके रुतून बसलेल्या गाड्यांची चित्रे अलिबागेपासून दापोलीपर्यंतच्या किनाऱ्यांवरून वरचेवर वर्तमानपत्रांत येतात, आणि वाचणारे हसतात. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या अंगावर आले, तेव्हा त्या किनाऱ्यावरची सुरूची बने आणि मागच्या वाड्या कशा आडव्या झाल्या, हे ज्यांनी पाहिले त्यांना वाळूच्या बांधाचे मोल निराळे सांगावयास नको.

सरकारी नियमांची गोष्ट याहून बोलकी आहे. १९९१ च्या अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरांचा पट्टा बांधकामावाचून ठेवावा असे ठरविले. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागांसाठी तोच पट्टा ५० मीटरांवर आणण्याची वाट मोकळी केली, आणि तात्पुरत्या पर्यटनसोयींना भरतीरेषेपासून अवघ्या १० मीटरांवर मुभा दिली. ‘तात्पुरत्या’ हा शब्द किती लवचीक आहे हे आपल्याकडे कोणास सांगावयास हवे? पहिल्या वर्षी तंबू, दुसऱ्या वर्षी तंबूखाली फरशी, तिसऱ्या वर्षी फरशीवर पत्रा. तंबूवर आमचे प्रेम आहे, ते तो उठतो म्हणून. जो उठत नाही, तो तंबू नव्हे.

वेळासचे उदाहरण आम्हांस येथे फार मोलाचे वाटते. नाना फडणिसांच्या या गावी २००२ पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने गावकऱ्यांच्या साह्याने समुद्रकासवांची अंडी राखण्यास आरंभ केला. कासवीण रात्री पुळणीवर येऊन शंभरावर अंडी घालते. सुमारे पन्नास दिवसांनी पिल्ले निघतात आणि जिकडे उजेड दिसेल तिकडे धावतात. मोकळ्या किनाऱ्यावर रात्री उजेड असतो तो समुद्राकडचा. विजेच्या माळा मागे लखलखत असल्या, तर पिल्ले उलट्या दिशेने जाऊन मरतात. वेळासला पाहुणे गावकऱ्यांच्या घरी उतरतात, घरचे जेवतात, आणि पिल्ले सोडताना दोरीच्या अलीकडे गुपचूप उभे राहतात. मुलांना गप्प बसवावे लागत नाही. समोर जे चालले असते त्यानेच ती गप्प होतात.

आमच्या विरुद्ध पक्षाकडे एक युक्तिवाद मात्र भक्कम आहे, आणि तो टाळून जाणे बरे नव्हे. तो असा, की तयार तंबूत निदान घरच्या बाईला सुटी मिळते. खरे आहे. स्वतः बिऱ्हाड मांडण्याची हौस पुरुषांना फार. पण त्या हौसेत तांदूळ कोणी निवडावे, राख लावून भांडी कोणी घासावी, ओले कपडे कोणी वाळत घालावे, हे ठरविताना हौशी गृहस्थ सूर्यास्ताचे छायाचित्र काढावयास गेलेले असतात. घरी गॅसच्या शेगडीपुढे उभी राहणारी बाई समुद्रकाठी तीन दगडांपुढे वाकली, तर तिला खाऱ्या वाऱ्याचा लाभ झाला असे म्हणणे ही थट्टा होय. पण यावरचा उपाय तंबू भाड्याने घेणे हा कसा? उपाय हा, की पिठले-भात पुरुषाने रांधावा आणि ताटे मुलांनी घासावी. दोन दिवस पिठले करपले तर कोणी मरत नाही. आणि ज्यांना तेवढेही जमत नसेल, त्यांनी गावातल्या खानावळीत जाऊन सोलकढी-भात जेवावे, आणि दाम त्या घरच्या अन्नपूर्णेच्या हातात द्यावे. तिचेही श्रम श्रमच आहेत, पण त्यांचा पैसा तिच्या घरात राहतो.

काळाचाही विवेक हवा. शाळेची सुटी मे महिन्यात, म्हणून सारे मे महिन्यात लोटतात. त्याच महिन्यात कोकणातल्या विहिरी तळाला गेलेल्या असतात. किनाऱ्यालगतच्या विहिरीतून बेसुमार उपसा झाला की तिला खारे पाणी लागते, ते पाहुण्यांच्या मागे गावालाच प्यावे लागते. महिनाअखेर समुद्रही खवळू लागतो. नारळी पौर्णिमेला कोळी दर्याला नारळ देतात, त्यानंतर हळूहळू पाणी निवळते. दिवाळीची सुटी हा खरा काळ: विहिरी भरलेल्या, जमीन हिरवी, हवा सोसवेल अशी.

राहिला प्रश्न जागेचा, आणि येथे आमची मागणी स्पष्ट आहे. किनारपट्टीच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने वाळूच्या बांधामागे, वस्तीच्या हाकेच्या टप्प्यात, एक पडीक तुकडा राखावा. तेथे दोन संडास, एक नळ, रात्री समुद्राच्या बाजूस न दिसणारा एक दिवा, आणि देखरेखीला गावातले एक माणूस. तंबू ज्याचा त्याने आणावा. माफक शुल्क पंचायतीने घ्यावे. मोटार रस्त्यावर, कर्णा घरी. स्त्रियांच्या सुरक्षिततेची शंका कोणी काढील. ओसाड पुळणीवर परक्या ठेकेदाराच्या भरवशावर निजण्यापेक्षा, गावाला ठाऊक असलेल्या जागी निजणे अधिक निर्धास्त, एवढेच आमचे उत्तर.

जमीन कोठून आणावी असे पंचायती विचारतील. आमच्या वाचकांपैकी कित्येकांची मूळ गावे याच पट्टीत आहेत. दाराला कुलूप, वाडीत रान, आणि सातबाऱ्यावर चौदा चुलतभावांची नावे, अशी परसे गावोगाव पडून आहेत. गणपतीला चार दिवस जे घर उघडते, त्याच्या अंगणात दिवाळीत दोन राहुट्या मावणार नाहीत काय? २ ऑक्टोबरला ग्रामसभा भरविण्याचा प्रघात आहे, आणि दिवाळी त्यानंतर येते. सभेपुढे अर्ज ठेवावयाचा, तर चौदांपैकी एकाने तो भाद्रपदातच, गणपतीला गावी गेल्यावेळी, लिहून दिला पाहिजे. मागाहून चौदाही जण पुन्हा शहरांत पांगलेले असतात.