देवाला आपला उपयोग

आमच्या टोकावडे भागात पावसाळ्याआधी राब भाजतात. शेण, पालापाचोळा जमिनीवर पसरून पेटवायचा आणि मग त्या जागेत भाताचं बी पेरायचं. तण मरतं, रोप जोमानं येतं. कोणाच्या घरी काही वाईट घडलं की जाणती माणसं हाच दाखला देतात. देवाला ज्याच्याकडून काम करून घ्यायचं असतं त्याला तो आधी असाच भाजून काढतो म्हणे. ऐकायला बरं वाटतं, पण मला ते पटत नाही. जमिनीला चटका बसत नाही, माणसाला बसतो.

पंडिता रमाबाईंच्या चरित्राचाही पुष्कळ जण असाच अर्थ लावतात. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि थोरली बहीण गेली. 1880 मध्ये भाऊ, 1882 मध्ये नवरा. पदरात लहानगी मनोरमा. आता देवानं हे सगळं पुढच्या कामासाठी केलं म्हणावं, तर त्या थोरल्या बहिणीचं काय? तीही त्याच उपासमारीत होरपळली. तिच्या वाट्याला ना संस्था, ना चरित्र. तिच्यावर देवाचं प्रेम कमी होतं की काय? (वर्गात असा प्रश्न एखाद्या पोरानं विचारला असता तर मीही खडू शोधत बसलो असतो.)

मी ख्रिस्ती नाही, आमच्या घरात तुळशीची माळ आहे. तरी मला देवाचा हात दिसतो तो दुष्काळात नाही, त्यानंतर. 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली, बायका केडगावला घेऊन आल्या. भूक काय असते हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही. 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या होत्या डॉक्टरकी शिकायला. कमी ऐकू येत असल्यानं ते राहिलं. बहिरेपण देवानं दिलं असं मी म्हणणार नाही. कान गेले, डोळे होते. त्या डोळ्यांनी हिब्रू आणि ग्रीक वाचून त्यांनी बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणलं. 1921 मध्ये मनोरमाही गेली. तेव्हाही ते काम चालूच होतं. 1922 च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या.

पण खरं सांगू, मला या सगळ्याहून मोठी वाटते ती केडगावची एक वेगळीच गोष्ट. तिथे आंधळ्या मुलींसाठी बार्तीमी सदन होतं, आणि म्हाताऱ्या, अपंग बायकांसाठी प्रीतिसदन. ज्यांच्या हातून आता कसलंच काम होणार नाही त्यांच्या घराला प्रीतीचं नाव! उपयोगाचा हिशेब त्या दारात संपला.

हे मी मुद्दाम लिहितोय. माझी आक्का ब्याऐंशी वर्षांची. खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणावर आहे. जन्मभर आवणीला सगळ्यांच्या पुढे असायची. परवा म्हणाली, "अरे, देवाला आता माझा काय उपयोग? न्यावं की त्यानं." येणारे जाणारे तिला भोग, परीक्षा असलं काहीबाही सांगून जातात. मी तिला प्रीतिसदनाचं सांगितलं. सगळं नीट ऐकलं तिनं. मग विचारलं, "तिथल्या म्हाताऱ्यांना दुपारचा चहा मिळायचा का रे?"

माहीत नाही म्हणालो आणि चहा ठेवायला उठलो.